सायबर गुन्ह्यात तुमचे नाव आले, तर बचावासाठी वकील कसा शोधावा : मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी आणि माझा भाचा भांडुपच्या त्याच्या बँकेत गेलो, कारण दोन दिवस एटीएममधून त्याचे पैसे निघत नव्हते. काउंटरवरच्या बाईंनी संगणकाचा पडदा थोडा आमच्याकडे वळवला आणि त्यावरच्या एका ओळीवर पेनाचे टोक टेकवले. खात्यावर लीन, म्हणजे पैसे काढण्यावर अटकाव, लागलेला होता आणि पुढे दुसऱ्या राज्यातील एका सायबर पोलीस ठाण्याचे नाव होते. महाविद्यालयातल्या एका मित्राने "माझे खाते बंद पडले आहे, दोन दिवस तुझे दे" असे म्हणून त्याचे खाते वापरले होते, आणि त्या खात्यातून कोणाच्या तरी फसवणुकीचा पैसा फिरला होता.

त्यानंतरच्या अकरा दिवसांत आम्ही तीन वकिलांकडे गेलो. पहिले आमच्या सोसायटीचे कन्व्हेयन्सचे काम पाहणारे सद्गृहस्थ होते, त्यांनी चहा पाजून "हे माझे क्षेत्र नाही" असे सरळ सांगितले. दुसऱ्याने कागद न पाहताच रक्कम सांगितली. तिसऱ्या वकीलबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे नेमका कोणता कागद आला आहे?" आणि तेव्हा आमच्या लक्षात आले की आपण वकील शोधत फिरतो आहोत, पण आपल्यावर काय आले आहे हेच आपल्याला ठाऊक नाही. पुढच्या पायऱ्यांचा क्रम त्या प्रश्नावरून ठरवला आहे. मी स्वतः वकील नाही, त्यामुळे इथे वाचलेली प्रत्येक गोष्ट तुमच्या वकिलाकडून तुमच्या प्रकरणापुरती पडताळून घ्यावी.

१. आधी कागद ओळखा

सायबर प्रकरणात सामान्य माणसापर्यंत बातमी चार-पाच वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेला वेगळा वकील, वेगळी घाई लागते. बँकेने खाते गोठवले असेल, तर अजून तुम्ही आरोपी असालच असे नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा १९३० या क्रमांकावर कोणीतरी तक्रार केली आणि पैशाच्या वाटेत तुमचे खाते आले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पोलिसांची नोटीस आली असेल, तर तिच्यावरचे कलम वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खालची नोटीस साक्षीदाराला बोलावण्यासाठी असते, कलम ९४ खालची कागदपत्रे किंवा माहिती मागण्यासाठी असते, आणि कलम ३५ च्या पोटकलम ३ खालची नोटीस ज्याच्यावर संशय आहे त्याला येते. जुने वकील हिलाच अजून 'एक्केचाळीस अ ची नोटीस' म्हणतात, कारण १ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत तिचा क्रमांक तो होता. ही तिसरी नोटीस हातात पडली की त्याच दिवशी वकिलाकडे जावे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, अटक करायची झाल्यास अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात. पण नोटीस धुडकावणाऱ्याला अटक होऊ शकते.

बँकेकडून चार गोष्टी लेखी किंवा निदान ई-मेलवर मागून घ्या : तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाण्याचे व राज्याचे नाव, वादातील रक्कम, आणि ती ज्या व्यवहारातून आली त्याचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला ओळख क्रमांक. संपूर्ण खाते बंद आहे की फक्त वादातल्या रकमेवर लीन आहे, हेही विचारा. आमच्या वकीलबाईंनी पुढे आणखी एक गोष्ट विचारली : "तुमचे खाते कितव्या लेयरला आहे?" फसवलेल्या माणसाचा पैसा थेट ज्या खात्यात गेला तो पहिला लेयर, तिथून पुढे सरकला तो दुसरा, अशी तपासातली भाषा असते. पहिल्या लेयरच्या खातेदाराकडे पोलीस ज्या नजरेने पाहतात आणि पाचव्या लेयरच्या खातेदाराकडे ज्या नजरेने पाहतात, त्यांत बराच फरक असतो.

गुन्हा दाखल झाला आहे असे कळले असेल, तर एफआयआरची प्रत मिळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ते शोधता येतात. लैंगिक स्वरूपाच्या प्रकरणात प्रत तिथे दिसणार नाही. ती वकिलामार्फत न्यायालयातून मागावी लागते.

आणि जे मुळीच कागद नाही, तेही ओळखा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचे सांगत असेल, तर फोन ठेवून द्या, कारण भारतीय कायद्यात अशी अटक नाही. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअपवर पाठवणे ही रीतसर बजावणी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली स्पष्ट केले आहे. तरीही अशी नोटीस व्हॉट्सअपवर आली, तर ती खोटीच आहे असे गृहीत धरून गप्प बसू नका. नोटिशीतल्या क्रमांकावर फोन न करता त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून ठाण्याचा क्रमांक घ्या आणि जावक क्रमांक सांगून खातरजमा करा, किंवा वकिलाला करायला सांगा.

२. वकील मिळेपर्यंत काय करू नये

फोनमधून काहीही पुसू नका. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट हीच करतो : चॅट काढून टाकतो, फोन फॅक्टरी रीसेट करतो, टेलिग्रामच्या गटातून बाहेर पडतो. पुरावा म्हणून लागू शकणारा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पुसलेल्या गोष्टी न्यायवैद्यक तपासणीत अनेकदा परत मिळतातही. शिवाय तुमच्या बाजूचा पुरावा त्याच चॅटमध्ये असतो. मित्राने खाते कोणत्या शब्दांत मागितले हे भाच्याच्या फोनमध्ये होते म्हणून आम्हाला पुढे आधार मिळाला.

तक्रारदाराला फोन करून माफी मागू नका आणि पैसे परत पाठवू नका. हेतू चांगला असला तरी पहिली गोष्ट दबाव आणल्यासारखी आणि दुसरी कबुली दिल्यासारखी वाचली जाऊ शकते. पैसे परत करायचेच असतील, तर वकिलामार्फत रीतसर करता येतात.

ज्या मित्राने तुम्हाला यात ओढले, त्याने सुचवलेला वकील घेऊ नका. मला वाटते, ही चूक सर्वांत महाग पडते. तुमचा बचाव 'मला माहीत नव्हते, त्याने खाते वापरले' असा असेल, तर त्याचा बचाव नेमका तुमच्या विरुद्ध जातो, आणि एकच वकील दोघांचे प्रामाणिकपणे पाहू शकत नाही. नोकरीच्या ठिकाणच्या संगणकावरून काही घडले असेल, तर कंपनीच्या वकिलालाही हेच लागू आहे. तो कितीही आपुलकीने बोलला तरी त्याचा अशील कंपनी आहे.

३. कलमे वाचा

कायदा पाठ करण्याची गरज नाही, पण तुमच्यावरचे कलम जामीनपात्र आहे की नाही, म्हणजे जामीन हक्काने मिळतो की न्यायालयाच्या मर्जीवर असतो, एवढे कळले, तरी रात्रीची झोप आणि वकिलाची निवड दोन्ही सुधारतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६क, म्हणजे लोक ज्याला 'सिक्स्टी सिक्स सी' म्हणतात ते दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरण्याचे कलम, आणि 'सिक्स्टी सिक्स डी' हे तोतयेगिरीने फसवणुकीचे कलम, या दोन्हींना कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे आणि त्याच कायद्याच्या ७७ब कलमानुसार तीन वर्षांपर्यंतचे गुन्हे जामीनपात्र आहेत. 'सिक्स्टी सेव्हन', अर्थात अश्लील मजकूर प्रसारित करणे, पहिल्या दोषसिद्धीला याच पट्टीत बसते. लैंगिक कृत्याच्या मजकुराचे 'सिक्स्टी सेव्हन ए' मात्र पाच वर्षांचे आणि अजामीनपात्र आहे. बालकांसंबंधीचे 'सिक्स्टी सेव्हन बी' हे त्याहून गंभीर मानले जाते आणि तिथे नवख्या वकिलावर भिस्त ठेवू नये.

अडचण अशी की पोलीस केवळ माहिती तंत्रज्ञान कायद्यावर थांबत नाहीत. बहुतेक आर्थिक प्रकरणांत न्याय संहितेचे कलम ३१८(४), म्हणजे जुने चारशेवीस, जोडलेले असते आणि ते सात वर्षांचे व अजामीनपात्र आहे. दिलासा एवढाच की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगून ठेवले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा हा विशेष कायदा असल्याने एकाच कृत्याला तो आणि सर्वसाधारण दंडसंहितेतील फसवणुकीचे कलम दोन्ही लावता येत नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला होता. हा मुद्दा प्रत्येक प्रकरणात चालेलच असे नाही, पण सायबर प्रकरणे पाहणाऱ्या मुंबईतल्या वकिलाला तो माहीत असायलाच हवा. वकिलाची पारख करण्यासाठी हा प्रश्न फार उपयोगी आहे.

न्याय संहितेचे कलम १११ दिसले, तर गोष्ट वेगळी. हे संघटित गुन्हेगारीचे कलम असून त्याच्या व्याख्येत सायबर गुन्ह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यात किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ते लावण्यासाठी गेल्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात, तेव्हा कॉलेजच्या पोराला ते लावले असेल, तर वकिलाने पहिल्याच अर्जात त्यावर बोट ठेवायला हवे.

कोणी तुम्हाला आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराच्या 'सिक्स्टी सिक्स ए' ची भीती घालत असेल, तर ते कलम श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले आहे. आणि फेसबुकवर बदनामी केल्याची तक्रार असेल, तर न्याय संहितेतील बदनामीचे कलम ३५६ अदखलपात्र आहे. त्यात पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून तक्रारदाराला न्यायालयाचा रस्ता दाखवतात, वॉरंटाशिवाय घरी येऊन उचलत नाहीत.

४. प्रकरण कुठल्या इमारतीत चालणार ते पाहा

मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणी आहेत : दक्षिण, मध्य, पूर्व, पश्चिम आणि उत्तर. पण सायबर गुन्हा तुमच्या वस्तीतल्या साध्या पोलीस ठाण्यातही दाखल होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून नोटिशीखाली सही कोणाची आहे ते वकिलाला दाखवा.

ज्या ठाण्याचा गुन्हा, त्या ठाण्याला जोडलेले दंडाधिकारी न्यायालय असते : आझाद मैदानालगतचे एस्प्लनेड, ज्याला जुने लोक किल्ला कोर्ट म्हणतात, किंवा वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, मुलुंड वगैरे. अटकपूर्व जामिनासाठी मात्र सत्र न्यायालयात जावे लागते, म्हणजे फोर्टला किंवा उपनगरातील प्रकरणांसाठी दिंडोशीला, आणि तिथे नाकारला तर उच्च न्यायालयात. रोज बोरिवलीला उभ्या राहणाऱ्या वकिलाला तिथले कारकून, सरकारी वकील, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, किती वाजता चालतो हे सगळे माहीत असते. फोर्टमध्ये मोठे कार्यालय असलेला वकील बोरिवलीच्या रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, स्वतः येईलच असे नाही; बऱ्याचदा ज्युनिअर येतो. ज्युनिअर येण्यात वाईट काही नाही, फक्त ते आधी माहीत असावे.

५. नावे कुठून मिळवावीत

वकिलांना जाहिरात करण्याची परवानगी नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार फार तर संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते. त्यामुळे 'सायबर वकील मुंबई' असे शोधल्यावर सर्वांत वर 'शंभर टक्के जामीन' म्हणत जे चमकते, ते एकतर मध्यस्थाचे दुकान असते किंवा नियम मोडणाऱ्याचे. दोन्हींपासून दूर राहावे. न्यायालयाच्या फाटकाशी फाइल काखेत धरून "काय केस आहे?" असे विचारणारे गृहस्थही बहुधा वकील नसतात. आमचा दुसरा वकील असाच मिळाला होता.

मला उपयोगी पडलेल्या वाटा साध्या होत्या. घरचा दिवाणी वकील, सोसायटीचा वकील, ओळखीचा सीए यांना "तुमच्या स्वतःच्या मुलावर अशी वेळ आली, तर कोणाला फोन कराल?" असे विचारा. वकील दुसऱ्या वकिलाबद्दल याच प्रश्नाला खरे उत्तर देतात. दुसरी वाट म्हणजे ज्या न्यायालयात प्रकरण जाणार, तिथे एक सकाळ बसा. फौजदारी न्यायालय सर्वांसाठी खुले असते. मी वांद्र्याला मागच्या बाकावर दोन तास बसलो होतो. एका वकिलाने सायबर प्रकरणात पोलीस कोठडीला विरोध करताना, "फोन जप्त झाला, खाते गोठले, सिम यांच्या ताब्यात आहे, आता माणूस कशासाठी हवा?" असे तीन वाक्यांत संपवले, आणि दुसऱ्याने वीस मिनिटे आरोपीच्या घरच्या गरिबीवर भाषण केले. कोणाचा क्रमांक घ्यायचा हे मला कोणी सांगावे लागले नाही.

६. सनद आणि काम तपासा

प्रत्येक वकिलाला सनद क्रमांक असतो. महाराष्ट्रात तो 'महा', क्रमांक आणि वर्ष अशा रूपात असतो. तो मागण्यात संकोच नको. शंका आल्यास उच्च न्यायालयाच्या आवारातील महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या कार्यालयात खातरजमा करता येते. त्यानंतर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर वकिलाच्या नावाने शोध घ्या. मुंबईच्या न्यायालयांत त्यांच्या नावावर कोणती प्रकरणे आहेत ते दिसते. यादीत भाडेकरू दावे आणि चेक बाऊन्सच भरलेले असतील आणि जामीन अर्ज एकही नसेल, तर माणूस उत्तम असला तरी तुमच्या कामाचा नाही.

७. पहिल्या भेटीला काय न्यावे

खालच्या गोष्टी एका फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावून न्या. मूळ कागद वकिलाकडे सोडू नका, झेरॉक्स द्या.

- नोटीस, समन्स किंवा एफआयआरची प्रत. व्हॉट्सअपवर आले असल्यास पाठवणाऱ्याचा क्रमांक व वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट
- बँकेचे उत्तर आणि वादाच्या तारखेच्या आगेमागे किमान सहा महिन्यांचा खातेउतारा
- झडती झाली असल्यास पंचनाम्याची व जप्तीची प्रत
- आधार, पॅन, राहत्या घराचा पुरावा, नोकरीचे किंवा महाविद्यालयाचे ओळखपत्र
- सिम, खाते आणि फोन कोणाच्या नावावर व प्रत्यक्ष कोणाच्या हातात होते याची चिठ्ठी
- काय घडले त्याचे तारीखवार एक पान, तुमच्या साध्या भाषेत

शेवटच्या पानावर खरे लिहा. आमच्या भाच्याने खाते दिल्याबद्दल दोन हजार रुपये घेतले होते आणि ते त्याने आम्हाला कोणालाच सांगितले नव्हते. वकीलबाईंनी खातेउताऱ्यावर पेन्सिलीने एका जमेभोवती गोल केला, काही बोलल्या नाहीत, फक्त कागद त्याच्याकडे सरकवला. मग तो बोलला. तुम्ही वकिलाला सांगितलेली गोष्ट साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खाली गोपनीय राहते आणि तुमच्या संमतीशिवाय त्याला ती उघड करता येत नाही. पुढे गुन्हा करण्यासाठी मागितलेला सल्ला या संरक्षणात येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

८. पहिल्या भेटीत काय विचारावे

अशी किती प्रकरणे केली हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचे उत्तर सगळ्यांना येते. त्याऐवजी तुमच्या कागदावर बोट ठेवून विचारा : यातली कोणती कलमे जामीनपात्र आहेत? आता अटकपूर्व जामीन मागावा की नोटिशीला हजर राहावे, आणि का? चौकशीच्या दिवशी माझ्यासोबत कोण येईल? अटक झालेल्याला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ ने दिला आहे. पूर्ण वेळ शेजारी बसण्याचा दिलेला नाही, हे नेमके सांगणारा वकील भरवशाचा.

सायबरचे काम येते की नाही हे ओळखण्यासाठी इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल विचारा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते, म्हणजे जप्त केलेल्या फोनमधला मजकूर नंतर बदलला नाही हे तपासता येते. झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करायचे असते. वकील यावर दोन मिनिटे सहज बोलला तर ठीक. "ते सगळे नंतर बघू" असे म्हणाला तर तुम्हीही त्यांना नंतर बघा. फोनचा पासवर्ड द्यावा की नाही हा प्रश्न वादाचा आहे. राज्यघटनेचे अनुच्छेद २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू देत नाही, पण पासवर्डपुरता त्याचा वापर कसा करायचा ते चौकशीच्या आदल्या दिवशी वकिलाबरोबर ठरवून जा.

"साहेबांशी माझे बसणे-उठणे आहे, आतल्या आत मिटवतो" हे वाक्य ऐकले की उठावे.

९. फी आणि वकीलपत्र

फी टप्प्याटप्प्याने ठरवा : नोटिशीचे उत्तर व हजेरी, अटकपूर्व जामीन, रिमांड, नियमित जामीन, गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयातील अर्ज, खटला. एकदम 'पूर्ण केस' म्हणून रक्कम ठरवली, की पूर्ण म्हणजे कुठपर्यंत यावरून सहा महिन्यांनी वाद होतो. टायपिंग, झेरॉक्स, मुद्रांक वेगळे का, ज्येष्ठ वकील उभे करावे लागले तर त्यांची फी कोण देणार, हेही विचारा. ज्येष्ठ वकील थेट अशिलाकडून प्रकरण घेत नाहीत, तुमचा वकीलच त्यांना नेमतो. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. निकालावर अवलंबून फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, म्हणून 'जामीन झाला तरच द्या' ही सवलत वाटली तरी सावध राहावे.

वकीलपत्र वाचून सही करा. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर किंवा कोऱ्या पानावर सही मागितली, तर देऊ नका.

१०. पोलीस परराज्यातले असतील तर

मुंबईतल्या सायबर प्रकरणांत हे वारंवार घडते. तक्रारदार हैदराबादला, गुन्हा तिथला, खातेदार भांडुपचा. अशा वेळी मुंबईतला वकील एकटा पुरत नाही. गुन्हा दुसऱ्या राज्यात असला, तरी मर्यादित काळासाठी इथल्या सत्र किंवा उच्च न्यायालयातून ट्रान्झिट अटकपूर्व जामीन मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मान्य केले आहे. त्या मुदतीत तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा असतो. म्हणून तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की त्या शहरात त्यांचा सहकारी आहे का. खाते मोकळे करून घेण्याचा अर्जही बहुधा तिथल्याच दंडाधिकाऱ्यापुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली करावा लागतो. एफआयआर तेलुगू किंवा कन्नडमध्ये असेल, तर भाषांतराचा एक दिवस हिशेबात धरा.

११. अटक झालीच तर

घरच्यांनी हे पाठ करून ठेवावे. अटकेची कारणे सांगणे आणि नातेवाइकाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. गुन्हा जामीनपात्र असेल, तर पोलीस ठाण्यातूनच जामीन मिळणे हा हक्क आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. आरोपी अठरा वर्षांखालील असेल, तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते, आणि तिथले काम नियमित करणारा वकील वेगळा असतो.

वकिलाला कळवायचा निरोप तीन गोष्टींचा असावा : कोणते ठाणे, गुन्हा क्रमांक, उद्या कुठल्या न्यायालयात नेणार. वकीलपत्रावर आरोपीची सही न्यायालयात हजर करताना घेता येते. जामीनदार म्हणून उभा राहणारा माणूस आधीच तयार ठेवा : रेशनकार्ड, आधार, पगारपत्रक किंवा घराची कागदपत्रे घेऊन. मुंबईत अनेकदा न्यायालय आधी रोख जामिनावर सोडते आणि जामीनदार आणायला काही आठवडे देते. तशी विनंती करायला वकिलाला सांगा, नाहीतर शुक्रवारी झालेला आदेश कागदावर राहतो आणि माणूस सोमवारपर्यंत आर्थर रोडला.

दिवस मोजा. दहा वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ दिवसांत आणि त्याहून गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर त्याच संहितेच्या कलम १८७ खाली जामिनाचा हक्क मिळतो. पण तो अर्ज केल्यावरच मिळतो, आणि आरोपपत्र आधी दाखल झाले तर हातातून जातो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी वकील न्यायालयात हवा.

१२. पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज द्या. रिमांडच्या वेळी वकील नसेल, तर आरोपीने स्वतः न्यायाधीशांना तसे सांगावे; एवढे वाक्य पुरते. फुकटचा वकील म्हणजे कमी प्रतीचा, हा समज मी स्वतः बाळगून होतो. वांद्र्याला मागच्या बाकावरून ज्यांचे तीन वाक्यांचे म्हणणे मी ऐकले, ते विधी सेवेतर्फे नेमलेले वकील होते, हे मला मागून कळले.

१३. वकील बदलायचा असेल तर

बदलता येतो, आणि त्यासाठी भांडावे लागत नाही. आधीच्या वकिलाची ठरलेली बाकी द्या, वकीलपत्रावर त्यांची ना हरकत घ्या आणि फाइल मागा. त्यांनी ना हरकत दिली नाही, तर नवा वकील न्यायालयाची परवानगी घेऊ शकतो. फाइलमध्ये दाखल झालेल्या प्रत्येक अर्जाची शिक्क्याची प्रत आहे ना हे तिथेच उभे राहून पाहा. आमच्या दुसऱ्या वकिलाने 'अर्ज टाकला आहे' असे आठ दिवस सांगितले होते. न्यायालयात दाखल प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सवर कुठेच सापडेना, तेव्हा कळले की अर्ज गेलाच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक अर्जानंतर मी त्याच संध्याकाळी तो क्रमांक मागून घेतो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर पुढच्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवतो.